बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी मोटर भरायला बसले

माझा उजवा पाय कधी स्थिर राहत नसे. वर्गात बाकाखाली तो सारखा हलायचा, आणि एका बाकावर आम्ही चौघी बसत असल्यामुळे उरलेल्या तिघींची अक्षरं वाकडी यायची. शेजारची मैत्रीण आधी माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची, मग चिमटा काढायची. थोडा वेळ पाय थांबायचा. समोर फळ्यावर सेंद्रिय रसायनाच्या साखळ्या वाढत जायच्या, सर पुसायचे, नव्या काढायचे, मी सगळं वहीत उतरवून घ्यायचे आणि त्यातलं एक अक्षर आत शिरायचं नाही. मग पाय पुन्हा सुरू.

नंदुरबारच्या कॉलेजात मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. धानोऱ्याच्या बाजूच्या आमच्या गावाहून सकाळची एसटी पकडून यायचे, दुपारच्या गाडीने परत. हे शिक्षण मी निवडलं नव्हतं. असं काही निवडायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. वडिलांच्या मावसभावाची मुलगी बीएस्सी, बीएड करून धडगावकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका झाली होती. वडिलांना मी आबा म्हणते. आबा एकदा तिला भेटायला गेले. ती पंख्याखाली खुर्चीवर बसलेली, पोरं उभी राहून नमस्ते म्हणणारी, समोर टेबलावर हजेरीपुस्तक. आबा घाट उतरून खाली आले ते माझं ठरवूनच. मला बारावीला मार्क बरे होते. घोकून मिळवलेले, पण तसं मार्कलिस्टवर लिहिलेलं नसतं.

त्या दीड वर्षात कॉलेजातली एकच गोष्ट मी मन लावून केली. प्रयोगशाळेतल्या एका ब्युरेटची, म्हणजे मापाच्या काचनळीची, तोटी गळायची. सगळे जण तिच्यावर वैतागायचे आणि दुसरी मिळवायला धावायचे. एका दुपारी मी ती तोटी काढली, पुसली, ग्रीसचं बोट फिरवलं, पुन्हा बसवली. गळणं थांबलं. माझा त्या दिवशीचा प्रयोग मात्र झालाच नाही. सरांनी विचारलं की तुला इथे दुरुस्तीला ठेवलंय की शिकायला. मी मान खाली घातली, पण घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात ती तोटीच होती.

निकाल लागला तेव्हा दोन विषय राहिले होते. घरी सांगितलं की निकाल अजून लागायचाय. पहिलं खोटं ते.

मार्चमध्ये आमच्या बोअरची मोटर जळाली. पपई भरात होती आणि ऊन चढत चाललं होतं. शेजाऱ्याच्या टेम्पोत मोटर टाकून आबा शहरात निघाले. त्यांचा खांदा तेव्हा दुखत होता, उचलायला कुणी हवं म्हणून मी गेले. कॉलेज बुडतंय याचं मला वाईट वाटलं नाही, हे टेम्पोत बसल्यावर लक्षात आलं.

मिरचीच्या बाजारामागे एक मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देणारं दुकान होतं. हंगामात त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस शिंकत जातो. दुकान म्हणजे एक शटर, आत तांब्याच्या तारेची रिळं, उघडून ठेवलेल्या मोटरी आणि पाण्याने भरलेली एक मोठी लोखंडी टाकी. मिस्त्री पन्नाशीचे, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. त्यांनी मोटर उघडली, वास घेतला आणि म्हणाले, चार दिवस लागतील. काम त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं मिळून चालायचं, आणि काकू मुलीच्या बाळंतपणाला नवापूरला गेल्या होत्या.

आबांनी सांगितलं की या उन्हात पपई चार दिवस तग धरणार नाही.

मिस्त्रींनी मग अडचण समजावून सांगितली. पाण्यात बुडणाऱ्या मोटरीच्या खाचा बंद असतात, बारीक बोगद्यासारख्या. त्यात तयार वेटोळं बसवता येत नाही. प्लास्टिकचं आवरण असलेली तार एकेक फेरा करून ओवावी लागते. एकाने या बाजूने ढकलायची, दुसऱ्याने त्या बाजूने ओढायची. तार काठाला घासली की आवरण सोलतं, आणि सोललं की पाण्यात मोटर पुन्हा जळते. समोरच्या बाजूला बसणारा माणूस नाही, म्हणून चार दिवस.

आबा म्हणाले, मी बसतो. मिस्त्रींनी जुनी तार उपसून खाचा रिकाम्या केल्या, तसे बसलेही. पण त्यांची बोटं जाड, नांगर धरून राठ झालेली, त्यांना तारेचं टोक सापडेना. दोनतीन फेऱ्यांतच तार घासली. मिस्त्रींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझे हात पुढे करायला सांगितले.

अकरा वाजता मी बसले. मिस्त्री मोठ्याने फेरे मोजायचे, मीही मोजायचे. दोघांचा आकडा जुळला नाही की थांबायचं. तार आली की अंगठ्याखाली धरायची, ओढायची, वळवून परत द्यायची. चहा आला आणि निवला. आबा बाहेर बाकावर बसले, झोपले, उठले. चार वाजता मी उभी राहिले तेव्हा कंबर सरळ होत नव्हती आणि बोटांच्या पेरांवर लाल रेघा उमटल्या होत्या. मोटर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टाकीत ठेवून मग न्यायची ठरली.

घरी परतताना टेम्पोत माझा पाय पुन्हा हलायला लागला. तेव्हा मला कळलं की दिवसभर तो हलला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी त्या दुकानात गेले. कारण काढलं होतं, स्टार्टरचं काहीतरी विचारायचंय म्हणून. मिस्त्रींना कारण खोटं असल्याचं कळलं असावं, कारण त्यांनी स्टार्टरबद्दल एक शब्दही न बोलता मला समोर बसायला सांगितलं. काकू परत आल्या तेव्हा त्यांना हे आवडलं नाही. कॉलेजची पोरगी इथे कशाला, उद्या घरचे येऊन आपल्यालाच बोलतील, असं त्या माझ्यादेखत म्हणाल्या. मग त्यांनी एक जळकी मोटर माझ्यापुढे सरकवली आणि जुनी तार उपसून काढायला सांगितली. हे सगळ्यात नकोसं काम. जळलेलं तांबं खाचेत चिकटून बसतं, छिन्नीने तोडून पकडीने ओढावं लागतं, आणि त्याची टोकं बोटांत घुसतात. संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी ती मोटर रिकामी केली. काकूंनी आत बोट फिरवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा चहाचे कप दोनाऐवजी तीन होते.

जूनपासून मी एसटीतून उतरले की कॉलेजऐवजी दुकानात जायला लागले. प्रॅक्टिकलची जाडजूड वही काखेत असायची, आईला दिसावी म्हणून. दुकानात ती मी रिळांच्या फळीवर ठेवायचे आणि जाताना पुसून घ्यायचे. काम आवडत होतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. दुकानासमोरून कुणी गावचं गेलं की मी मोटरीआड वाकायचे. मैत्रिणी बसस्टँडवर भेटायच्या, कोणत्या सरांनी काय विचारलं ते सांगायच्या, आणि मी रात्रीच्या जेवणाला तेच घरी सांगायचे, जणू मीच वर्गात होते. आबा कौतुकाने ऐकायचे. त्यांना कळत काही नव्हतं, पण ते शब्द त्यांना आवडायचे. एकदा त्यांनी पाहुण्यांपुढे मला ‘बेन्झीन’ म्हणायला लावलं.

हिवाळ्यात आबा मिरची घेऊन बाजारात आले आणि शिंकत शिंकत दुकानात शिरले. त्यांना खरोखरच स्टार्टर हवा होता. मी दोन पायांमध्ये मोटर धरून बसले होते, ओढणी कमरेला गुंडाळलेली, हात कोपरापर्यंत काळे.

"तू आठे काय करी ऱ्हायनी?" त्यांनी आमच्या अहिराणीत विचारलं.

मी म्हणाले, "मोटर भरस, आबा."

ते चिडले नाहीत. मिस्त्रींकडून स्टार्टर घेतला, पिशवीत ठेवला आणि निघून गेले. जाताना फळीवरच्या माझ्या वहीकडे त्यांनी पाहिलं, ते मला अजून दिसतं.

मी घरी पोचले तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते. आई चुलीपाशी. मी न विचारता सगळं सांगून टाकलं, राहिलेले विषय, लपवलेला निकाल, जूनपासूनचं दुकान. सांगताना मला थोडं हलकं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

"हात काळा करना व्हतात ते बारावी कसाले शिकनी?" आबा म्हणाले.

"मन्हं मन लागत नही तठे."

"मन लागाले कॉलेज काय जत्रा शे?"

मी खाटेच्या पायाशी बसले. ते पुढे म्हणाले की नापास होण्याचं त्यांना काही नाही, ते स्वतः दहावीला दोनदा बसले होते. पण रोज वही काखेत मारून निघायची आणि रात्री बसून आम्हाला धडे सांगायची, हे तुला कसं जमलं, असं त्यांनी विचारलं. पाहुण्यांपुढे मी तुला बोलायला लावत होतो, म्हणाले. त्यानंतर ते पंधरा-वीस दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते ताटावर बसले की मी उठायचे.

मी घरातच होते त्या दिवसांत. ना कॉलेज, ना दुकान. मी घरातला मिक्सर उघडला, बंद पडलेली इस्त्री उघडली, शेजारच्या दोन घरांतले पंखे खाली उतरवले. आई बघत होती. शेवटी एका सकाळी आबा शेतात निघताना ती दारात आडवी उभी राहिली. माझी आई आवाज चढवणारी बाई नाही.

"ती पळी नही जाई ऱ्हायनी," ती म्हणाली. "काम शिकाले जाई ऱ्हायनी."

आबा बराच वेळ चपलेत पाय घालत राहिले. मग म्हणाले, "कागद पाहिजे. बिगर कागदनं काम म्हनजे मजुरी."

कागद म्हणजे आयटीआयचं प्रमाणपत्र. पुढच्या पावसाळ्यात मी बीएस्सी अर्धवट सोडली आणि सरकारी आयटीआयमध्ये वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला नाव घातलं.

मला वाटलं होतं, आता सगळं शांत होईल. तसं काही झालं नाही. मी विसाव्या वर्षात आणि वर्गातले बहुतेक दहावी करून आलेले. मुली आम्ही तिघी. पहिले कितीतरी दिवस लोखंडाचा एक तुकडा देऊन तो कानशीने घासून काटकोनात आणायला सांगत. दुकानात मी आख्ख्या मोटरी उपसल्या होत्या, आणि इथे हा तुकडा. मी घाईघाईने घासायचे, गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावला की फटीतून उजेड दिसायचा. शिकवणारे निदेशक न रागावता तो तुकडा परत माझ्या हातात द्यायचे. चौथ्या वेळी त्यांनी एवढंच सांगितलं की तुला काम येतं, थांबता येत नाही. मला ते टोचलं. पण मी त्याचा फार विचार केला नाही, कारण दुपारी सुटल्यावर मला दुकानात पोचायची घाई असायची.

बसमध्ये जुन्या मैत्रिणी भेटायच्या. त्यांची बीएस्सी झाली, मग त्या बीएडच्या परीक्षेचं बोलू लागल्या. मी हात ओढणीत घ्यायचे. नखांतलं काळं साबणाने निघत नाही. त्यांच्यासारखं व्हावं असं मला वाटत नव्हतं, पण त्यांच्या पुढे रस्ता आखलेला होता आणि माझ्यापुढे काय आहे ते मला कुणाला सांगता येत नव्हतं. एक स्थळ आलं तेव्हा मुलाच्या काकांनी विचारलं, म्हणजे मुलगी खांबावर चढणार का. आबा चहा पीत राहिले. काकांनी हसत पुन्हा विचारलं. आबांनी चहाचा कप खाली ठेवून सांगितलं की चढायची वेळ आली तर चढेल. ते स्थळ पुढे गेलं नाही. पाहुण्यांची गाडी गेल्यावर आबा माझ्यावरच चिडचिड करत राहिले.

आयटीआयच्या दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी चूक केली.

मिस्त्री आणि काकू नात्यातल्या लग्नाला गेले होते. दुकान दोन दिवस माझ्या भरवशावर. आमच्याच पट्ट्यातल्या एका शेतकऱ्याची मोटर मी एकटीने भरली होती, चार दिवस घालून, दोन्ही बाजूंना आळीपाळीने बसून, पहिल्यांदाच पूर्ण एकटीने. फक्त टाकीत ठेवणं बाकी होतं. दुकानाचा नियम असा की भरलेली मोटर चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवायची आणि मग मेगरने, म्हणजे तारेचं आवरण कुठे फुटलंय का ते दाखवणाऱ्या यंत्राने, तपासायची. कोरड्या मोटरीत बारीक ओरखडा कळत नाही. पाणी मुरलं की कळतो. शेतकरी सकाळीच गाडी घेऊन आला. त्याच्या केळीला पाणी नव्हतं. मी मोटर तासभर बुडवली, तपासली, काटा चांगला आला. त्यालाही घाई होती. पण खरं सांगायचं तर जास्त घाई मला होती. माझ्या हाताची मोटर पाणी फेकते हे मला आजच ऐकायचं होतं. मी ती देऊन टाकली.

संध्याकाळी त्याचा फोन आला की पाणी जोरात आहे. मी दुकानात एकटीच हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन आला. मोटर बंद. जळाली.

बोअरमधली मोटर वर काढायची म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. वीसेक पाइप एकाला एक जोडलेले, पाण्याने भरलेले. तीन दांड्यांचं तिकाटणं उभारायचं, साखळी लावायची, एक पाइप वर घ्यायचा, पकड बसवायची, आटे खोलायचे, बाजूला ठेवायचा, मग पुढचा. आदल्याच दिवशी त्या माणसांनी हे सगळं करून मोटर खाली सोडली होती. मिस्त्री लग्नातून परत आले आणि म्हणाले, तू जा, तुझी मोटर आहे. मी जाऊ नये असं काकूंना वाटत होतं. पण मिस्त्री ऐकेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस पकडायला गावातून निघाले तेव्हा आबा मोटरसायकल काढून उभे होते. त्यांना कुठून कळलं माहीत नाही. आमच्या भागात मोटर जळाल्याची बातमी मोटरीच्या आधी पोचते. मी मागे बसले. निम्म्या वाटेवर मान न वळवता त्यांनी विचारलं, "पाणीमा किती येळ ठेयेल व्हती?"

"एक तास."

त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

शेतात सहा माणसं उन्हात उभी होती. कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. आबा सरळ साखळीपाशी गेले आणि दुखरा खांदा सोडून दुसरा लावला. मी पकडी बसवत होते, आटे खोलत होते. प्रत्येक पाइपातून थंड पाणी अंगावर यायचं आणि चप्पल चिखलात रुतायची. एका म्हाताऱ्या गड्याने पाइप धरता धरता विचारलं की हे मिस्त्रीने भरलेलं का. मी सांगितलं, मी भरलं होतं, आणि घाईत दिलं. शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, घाई माझीही होती. त्यानंतर काम थोडं सोपं झालं.

दुकानात मोटर उघडली. शेवटून तिसऱ्या खाचेच्या तोंडाशी तार नखाएवढी सोलली होती. काकूंनी ती मला दाखवली आणि बाजूला झाल्या. मी सगळी तार उपसली, पुन्हा भरली, टाकीत ठेवली. या वेळी चोवीस तास मी तिथून कितीदा उठले आणि कितीदा परत येऊन पाण्यात डोकावले, ते मोजलं नाही. ती मोटर अजून चालू आहे. मी कधीमधी विचारते.

कागद मिळाला. आबांना वाटत होतं की आता वीज कंपनीत लागेल. मी परीक्षा दिल्या, यादीत नाव आलं नाही. मग सातपुड्यात पाड्यापाड्यांवर पिण्याच्या पाण्यासाठी सौरपंप बसवले होते, त्यांची देखभाल करणाऱ्या एका ठेकेदाराकडे मला काम मिळालं. शहाद्याहून हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन जीपने धडगावला चढायचं, तिथून कुणाच्या मोटरसायकलवर, आणि रस्ता संपला की पायी. आबांनी मला जिथे पाठवायचं ठरवलं होतं त्याच डोंगरात मी पोचले होते, फक्त खुर्ची नव्हती.

तिथे घरात पावरी बोलतात. मला ती येत नाही, त्यांना माझी अहिराणी कळत नाही. मग दोघांनीही शाळेत शिकलेली मराठी काढायची आणि हातवारे करायचे. पहिल्याच पाड्यावर एका आजीने माझं मनगट धरून बोटं नीट पाहिली आणि काहीतरी म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. मी अंगणवाडीताईला अर्थ विचारला. ती म्हणाली, आजी म्हणतेय की एवढ्या बारीक हाताने कोयता धरवत नाही, म्हणून हिला हे काम दिलं असेल. मी पॅनेलच्या डब्यात उंदराने कुरतडलेली वायर जोडली, पाणी आलं. आजीने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मला ते बरोबर वाटलं.

दोन वर्षं ते काम केलं. पण तिथेही मन सारखं कुठेतरी पुढे पळायचं. बिघाड दहा मिनिटांचा आणि त्याचे आधीचे, नंतरचे, पेटीसकट, पाटीसकट फोटो काढून ठेकेदाराला पाठवायचे, ते जाईपर्यंत नेटवर्क शोधत टेकडीवर उभं राहायचं. आणि मोटर खरंच जळलेली असली तर मी काहीच करू शकत नव्हते. ती घाट उतरून शहाद्याला जायची, तिथे रांगेत पडायची, आणि पाड्यावरच्या बायका पुन्हा झऱ्यावर. मला मोटर भरता येत होती. मी ती पोत्यात बांधून दुसऱ्याकडे पाठवत होते.

म्हणून मी काम सोडलं आणि धडगावात एक खोली भाड्याने घेतली. मिस्त्रींनी त्यांचं जुनं वेटोळी गुंडाळायचं यंत्र दिलं. काकू म्हणाल्या, पहिले सहा महिने कुणी येणार नाही, तुझ्याने बसवेल का. मी हो म्हणाले. दोघींनाही ते खरं वाटलं नाही.

आबा दुकान बघायला आले ते उघडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, घाटात उलटी होऊन, रुमालाने तोंड पुसत. त्यांनी खोली पाहिली, बोर्डाच्या वायरी पाहिल्या, दार कोणत्या दिशेला आहे त्यावर नाराजी सांगितली. मी चहा मागवला. तेवढ्यात एक माणूस पिठाच्या गिरणीची मोटर खांद्यावर घेऊन आला. त्याने आत पाहिलं, पांढऱ्या केसांचा माणूस बाकावर बसलेला, आणि मोटर आबांच्या पायापाशी ठेवून मराठीत म्हणाला की मिस्त्री, ही गरम होऊन बंद पडली.

मी पुढे होणार, तोवर आबांनी मोटरीचा दांडा हाताने फिरवला, कान लावला. बोअरवर माझ्याबरोबर आले त्या दिवसापासून ते मिस्त्रींकडे वरचेवर जाऊन बसायचे, हे मला काकूंनी सांगितलं होतं. त्यांनी मला कधीच नाही.

"बेरिंग गयी," ते म्हणाले.

मी वाकून वास घेतला. जळकट वास स्पष्ट येत होता. मी सांगितलं की तार जळालीय. ते म्हणाले, बेअरिंग. मी म्हणाले, वास घेऊन बघा. त्यांनी वास घेतला नाही, दांडा पुन्हा फिरवला. गिऱ्हाईक एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होतं. अहिराणी त्याला कळत नव्हती, पण भांडण कळत होतं. शेवटी मी त्याचा फोन नंबर लिहून घेतला आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं. तो जाताना आबांनाच रामराम करून गेला.

दुपारच्या जीपने आबा परतले. जीप वळणाआड जाताच मी मोटर उघडली. तार काळी पडली होती, माझं बरोबर होतं. मग मी बेअरिंग काढून बोटावर फिरवली. ती खरखरत, अडकत फिरली; आतल्या गोळ्या झिजल्या होत्या. तीच आधी खराब झाली होती आणि तिच्या ओढीने मोटर तापून तार जळाली होती.

मी ती बाजूला ठेवली आणि कामाला लागले. पण हात चालेना. आबांचा घाट उतरून झाला असेल का, फोन लागेल का, हेच डोक्यात. दोनदा लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा ते शहाद्याच्या स्टँडवर होते, मागे कंडक्टरची हाक ऐकू येत होती.

"बेरिंगबी गयेल व्हती, आबा," मी म्हणाले.

"सांगं व्हतं ना मी," ते म्हणाले, आणि गाडी सुटतेय म्हणून फोन ठेवून दिला.

मी छिन्नी उचलली आणि जुनी तार तोडायला बसले.